पाण्याची शर्यत निवडक चौघांची नको, साऱ्या पलटणीची हवी

आर्मी स्पोर्ट्स कंट्रोल बोर्ड आणि भूदलाच्या सर्व रेजिमेंट केंद्रांच्या कमांडंट साहेबांना खुले पत्र

आदरणीय साहेब,

जय हिंद.

मागणी आधी मांडतो, कारणे मागाहून. रेजिमेंटा-रेजिमेंटांमध्ये पोहण्याच्या आणि शिडाच्या होड्यांच्या ज्या शर्यती होतात, त्यांत एक हौशी गट असा असावा की ज्यात फक्त रोज फॉलइनला उभा राहणारा जवान उतरेल. गार्ड ड्यूटी करणारा, कुक हाऊस सांभाळणारा, एमटीत, म्हणजे वाहन विभागात, गाडीखाली झोपून नटबोल्ट आवळणारा, स्टोअरची खाती लिहिणारा. ज्याचे नाव एखाद्या स्पोर्ट्स नोडवर, म्हणजे निवडक खेळाडू घडवणाऱ्या केंद्रावर आहे, जो खेळाच्या कोट्यातून भरती झाला आहे किंवा ज्याला सरावासाठी वर्षभर ड्यूटीतून सूट आहे, त्याचे नाव या गटात येऊ नये. आणि या गटाची नावे टीमच्या उस्तादाने निवडू नयेत. कंपनीच्या नॉमिनल रोलमधून, म्हणजे सगळ्या जवानांच्या नावांच्या यादीतून, चिठ्ठ्या टाकून ती काढावीत.

मी इंजिनिअर्सच्या एका पलटणीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ रिक्रूटांना पोहायला शिकवण्यात आणि होड्या, वल्ही, मोटारी सांभाळण्यात गेला. त्या काळात जे पाहिले त्यावरून हे पत्र लिहितो आहे. यात कोणा साहेबावर किंवा कोणा युनिटवर राग नाही.

नोडच्या व्यवस्थेला माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. २००१ साली पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि जवानाच्या खेळाला पहिल्यांदा शास्त्राची जोड मिळाली. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये घडलेल्या विष्णू सरवणनने २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत कांस्यपदक आणले. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकला तो एकट्याने शीड घेऊन उतरला. समुद्रातल्या शर्यतीत भारताचे नाव निकालपत्रकात दिसते, त्यात भूदलाचा मोठा वाटा आहे. ती माणसे जगाशी लढतात आणि त्यांना त्यासाठी सगळे मिळायलाच हवे. माझा मुद्दा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या हजारोंचा आहे.

होते काय, तर रेजिमेंटची इभ्रत पणाला लागते. ट्रॉफी आपल्या क्वार्टर गार्डात यावी असे कोणाला वाटत नाही? मग सुट्टीवर आलेला किंवा तात्पुरता परत बोलावलेला तयार खेळाडू टीममध्ये घेतला जातो. फ्रीस्टाइलला तोच, बटरफ्लायला तोच, रिलेच्या शेवटच्या लॅपलाही तोच. बाकीची कंपनी काठावर टाळ्या वाजवते. मी ज्या युनिटमध्ये होतो तिथे लागोपाठच्या मोसमांत टीमच्या यादीत फारसा बदल झाल्याचे आठवत नाही. ट्रॉफी येत होती, बडा खानाही झाला. पण त्याच कंपनीतल्या किती जणांना बुटांसकट पाण्यात पडल्यावर स्वतःला वर ठेवता येईल, हा प्रश्न मी तेव्हाच्या सीओ साहेबांना विचारला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. ते चांगले अधिकारी होते. त्यांनी पुढच्याच आठवड्यात सगळ्या कंपनीची चाचणी लावली. निकाल मी इथे लिहीत नाही, कारण तो कोणत्याही पलटणीचा असू शकतो.

आपल्याकडे रिक्रूट येतो कुठून? माण, खटाव, जत, आटपाडी, मंगळवेढा, बीड, चांदवड. ज्या तालुक्यांत पाऊस कमी, तिथून सैन्यात पोरे जास्त. कोकणातल्या खाडीकाठचा मुलगा पाण्यातच वाढतो. देशावरच्या ज्या गावात विहिरीला पाणी आहे, तिथला मुलगा पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधून शिकतो, चुलता वर काठावर दोर धरून उभा असतो. पण ज्या गावात मार्गशीर्षातच विहिरीचा तळ दिसतो, तिथल्या मुलाने कंबरेच्या वर पाणी कधी अनुभवलेलेच नसते. तो सोळाशे मीटर वाऱ्यासारखा धावतो, दोरावर सरसर चढतो, आणि तलावाच्या कडेला उभा राहिला की त्याचे पाय लटपटतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ते भूगोलाचे काम आहे. पण त्या मुलाला त्या भूगोलातून बाहेर काढायचे काम आपले आहे.

दत्तू भोकनळ हे नाव आपल्याला मी सांगायला नको. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केलेला मुलगा. २०१२ साली बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला तोवर त्याने होडीत कधी पाय ठेवला नव्हता, आणि पाण्याची भीती वाटत होती असे त्याने स्वतःच सांगितले आहे. चार वर्षांनी तो रिओच्या ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या वल्हवणीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या होडीत त्याने सुवर्ण मिळवले. वल्हे आणि शीड वेगळे, हे मला कळते. पण मुद्दा पाण्याचा आहे. हा मुलगा कोणी जन्मजात खेळाडू म्हणून उचलला नव्हता. तो साधा सॅपर, म्हणजे अभियंता दलाचा जवान होता, उंच होता, आणि कोणीतरी त्याच्या हातात वल्हे दिले. ते दिले गेले नसते तर तो आज चांगला हवालदार असता आणि आपल्यापैकी कोणालाही काय हुकले ते कळले नसते. किती कंपन्यांत असे किती जण असतील, याचा अंदाज करायला मन धजत नाही.

आणि मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे, ईएमईचे, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलाचे जवान, मुळात बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केले. विश्वविक्रम, आणि भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. पाणी त्यांच्याकडे पदकासाठी आले नव्हते, उपचार म्हणून आले होते. आज आपल्या रेजिमेंटांत स्फोटात पाय गमावलेले, पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान आहेत. रेजिमेंटच्या स्पर्धेत त्यांच्यासाठी एक लेन का नसावी? वेगळा प्रदर्शनी सोहळा करू नये. त्याच दिवशी, त्याच तलावात, आपल्या पलटणीच्या गुणांत भर घालणारी लेन हवी.

आता गरजेचे बोलतो. डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे जाऊन बसली आणि शत्रूची वाट अडवली. बांगलादेशची ती सगळी मोहीमच नद्यांची होती. युद्धाचे सोडा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याआधी धरणावर वाळूची पोती रचणारे जवान होते आणि नंतर पुण्याच्या गाळात उतरणारेही जवानच होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने सांगली, कोल्हापूर, शिरोळ वेढले तेव्हा लोक छपरावर बसून ज्या होड्यांची वाट पाहत होते, त्यांतल्या कितीतरी होड्यांवर आपली माणसे होती. पुरात होडी नेणे हे तलावात होडी नेण्यासारखे नसते. पाण्याखाली कुंपणाच्या तारा असतात, विजेचे खांब असतात, प्रवाह गल्लीच्या कोपऱ्यावर वळतो आणि होडी फिरते. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक जवानाला पाणी ओळखीचे असायला हवे. आणि पुराला जाणारी कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, नॉमिनल रोलमधूनच जाते. नोडवरचा पदकविजेता त्या दिवशी कुठे परदेशी शिबिरात असतो.

वरिष्ठांनाही हे कळते. तंदुरुस्तीच्या नव्या धोरणात ५० मीटर पोहण्याची चाचणी धरली असल्याचे २०२४ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण चाचणीने माणूस पास होण्यापुरता पोहतो. तिची ओढ लागत नाही. पाण्याची ओढ लावायचे काम स्पर्धा करते, आणि त्यातही आपल्या कंपनीच्या नावाने ओरडणारे दोस्त काठावर असतील तर.

पोहण्याच्या स्पर्धेचा आराखडा कसा असावा याबद्दल माझे काही ठाम विचार आहेत. पहिले तीन आणि पदके हा हिशोब या गटात ठेवूच नये. चिठ्ठीने निघालेले वीस जण प्रत्येक रेजिमेंटकडून उतरावेत. गुण दोन गोष्टींना द्यावेत, किती जण ठरलेले अंतर पार करतात आणि किती जण खोल पाण्यात दहा मिनिटे हात-पाय हलवत किंवा मुडद्यासारखे उताणे तरंगत राहतात. यात एकटा तरबेज पोहणारा फारसे काही करू शकत नाही. त्याला उरलेल्या एकोणिसांना शिकवावे लागते, आणि तेच तर हवे आहे. दुसरी फेरी कपड्यांसह व्हावी. पॅंटचे पाय गाठ मारून त्यांत हवा भरली की तरंगायला आधार मिळतो. रिक्रूटला हे तोंडाने सांगितले तर तो हसतो, एकदा करून पाहिले की आयुष्यभर विसरत नाही. तिसरी फेरी दोर फेकण्याची. बुडणाऱ्याजवळ पोहत जाणे हा शेवटचा उपाय आहे. आधी दोर, काठी, डबा, जे तरंगेल ते. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात, हे दरवर्षी नदीकाठच्या बातम्यांत वाचायला मिळते. तेव्हा अचूक दोर फेकणाऱ्यालाही शर्यतीत गुण असावेत.

यात नवे असे मी काही सुचवत नाही. जगभरच्या सैन्यांच्या मिलिटरी पेंटॅथलॉनमध्ये ५० मीटरचे अडथळ्यांचे पोहणे आहेच, आणि नेव्हल पेंटॅथलॉनमध्ये पुतळा ओढून आणण्याची जीवरक्षक शर्यत असते. ते प्रकार तयार आहेत. ते वरच्या पातळीवरून खाली कंपनीपर्यंत आणायचे आहेत, एवढेच.

एक गोष्ट मात्र सक्त बंद व्हावी. पाण्याखाली श्वास रोखून कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. ती अधिकृत कार्यक्रमात नसते, पण सरावानंतर पोरे लावतात. बुडी मारण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव त्यामुळे उशिरा होते, आणि तोवर प्राणवायू संपत येऊन माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. हातपाय मारत नाही, आवाज करत नाही. चांगले पोहणारेच यात सापडतात, कारण त्यांनाच भीती नसते. प्रत्येक तलावावर हे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.

आणि भित्र्या रिक्रूटला मागून ढकलायची पद्धत जिथे कुठे अजून उरली असेल, तिथे ती थांबवावी. अचानक पाण्यात पडल्यावर पहिली प्रतिक्रिया असते तोंड उघडून श्वास ओढणे. पाणी आत जाते. त्या एका ढकलण्याने काही मुले पाण्यापासून कायमची तुटलेली मी पाहिली आहेत. पुढे कितीही पीटी करून घेतली तरी ती सुधारली नाहीत. त्याऐवजी पायऱ्यांवर बसवा, तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला लावा, कठडा धरून पाय मारू द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तो स्वतः हात सोडतो. उस्ताद मंडळींना हे ठाऊक असते. त्यांना वेळ मिळत नाही, कारण टीम तयार करायची असते.

आता शिडाकडे येतो, कारण शिडाच्या शर्यतीइतका सैनिकाला शोभणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

साध्या फ्लीट शर्यतीत तीस-चाळीस होड्या एकाच वेळी सुटतात आणि त्यांच्यामध्ये शिट्टी घेतलेला पंच उभा नसतो. नियम असा की, डाव्या बाजूने वारा घेणारी होडी उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट देते. वाट दिली नाही, धक्का लागला, तर ज्याची चूक त्याने स्वतः बाजूला होऊन दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि मग पुढे जायचे. बोयाला, म्हणजे शर्यतीची वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, होडी घासली तर एक गिरकी. कोणी पाहिले नसले तरी. वाद राहिलाच तर संध्याकाळी किनाऱ्यावर सुनावणी होते, साक्षी होतात. चूक केलेला माणूस सर्वांसमोर गोल फिरून आपली चूक मान्य करतो आणि त्याची बेअब्रू होत नाही, उलट मान वाढतो. ज्या पोराला शिस्त म्हणजे दुसऱ्याने बघत असताना नीट वागणे असे वाटते, त्याला एकदा या शर्यतीत उतरवा.

या खेळाच्या नियमपुस्तकातला पहिलाच नियम जिंकण्याबद्दल बोलत नाही. संकटात असलेल्या माणसाला किंवा होडीला शक्य ती सगळी मदत करायची, असे तो सांगतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये, बुसानच्या समुद्रात, कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा वाढला, दुसऱ्या वर्गाच्या शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटली, दोघे पाण्यात. लेम्यूने आपली शर्यत सोडली, त्यांना बाहेर काढले, बचावनौका येईपर्यंत थांबला आणि मग मागून शर्यत पुरी केली. ज्युरीने त्याला त्या शर्यतीत दुसराच क्रमांक बहाल केला. आपल्या रेजिमेंटच्या निकालातही अशा गुणांची तरतूद हवी. पलटणीत जे शिकवतो तेच तर हे आहे.

माझी खास विनंती सांघिक शर्यतीसाठी आहे. तीन होड्या विरुद्ध तीन होड्या. पहिल्या होडीला १ गुण, दुसरीला २, असे सहावीला ६. सगळ्यांची बेरीज २१, म्हणून ज्या संघाची बेरीज १० किंवा त्याहून कमी तो जिंकला. आता बघा. आपली एक होडी पहिली आली आणि दोन मागे राहून पाचवी-सहावी आल्या, तर बेरीज १२, आपण हरलो. दुसऱ्या संघाच्या दुसरी, तिसरी, चौथी आल्या, बेरीज ९, पहिला क्रमांक नसूनही ते जिंकले. म्हणून पुढे गेलेला जवान मागे वळतो, प्रतिस्पर्ध्याच्या वाऱ्याआड जाऊन त्याचे शीड ढिले पाडतो आणि आपल्या मागे राहिलेल्या जोडीदाराला वाट मोकळी करून देतो. एका तारांकित खेळाडूच्या जोरावर ट्रॉफी नेणे इथे अवघड आहे. सेक्शनची लढाई ज्याला समजते, त्याला ही शर्यत पहिल्या दिवशी समजते.

होडी महाग पडेल, हा आक्षेप येईल. लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात, ती सव्वाचार मीटरची एकट्याची होडी. खोका, म्हणजे होडीचे मूळ अंग, तोच, शीड तीन मापांचे. मोठे सुमारे सात चौरस मीटरचे, सर्वांत लहान पावणेपाचच्या आसपास. म्हणजे पंचावन्न किलोचा गोरखा जवान आणि ऐंशी किलोचा जाट जवान एकाच खोक्यावर आपापल्या वजनाला साजेसे शीड लावून शिकू शकतात. नोडवरून बाद झालेली जुनी शिडे ऑलिम्पिकच्या कामाची नसतात, पण शिकाऊ जवानाला ती वर्षानुवर्षे पुरतील. दुरुस्ती तर आपल्या वर्कशॉपमध्येच होते. फायबरचा खोका दुरुस्त करणारे हात ईएमईत कमी नाहीत.

दोघांच्या होडीबद्दल एक नाजूक गोष्ट बोलायची आहे, ती मोकळेपणाने बोलतो. एंटरप्राइज ही दोघांची होडी आपल्या देशात जुनी. १९८२ च्या आशियाई खेळांची शिडाची शर्यत मुंबईच्या समुद्रात झाली आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल या दोघांच्याच दुसऱ्या वर्गात सुवर्ण मिळवले. आपल्याकडे हौशी शर्यतीत दोघांच्या होडीत बहुतेक वेळा सुकाणूवर अधिकारी आणि पुढे शिडाचा दोर ओढायला जवान, अशी जोडी मी पाहत आलो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, सवय असते. पण वारा कुठून फिरणार, कधी वळायचे, कोणाला वाट द्यायची, हे सगळे निर्णय सुकाणूवरचा घेतो. जवान वर्षानुवर्षे दोर ओढून उत्तम दोर ओढणारा होतो, नाविक होत नाही. हौशी गटात सुकाणू जवानाच्या हाती असावे आणि अधिकाऱ्यांनी पुढे बसावे. एका शर्यतीपुरते साहेबांनी जवानाचे हुकूम ऐकले तर पलटणीचे काही बिघडत नाही, दोघांची ओळख मात्र वेगळी होते.

हे सगळे नौदलाचे काम आहे, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना ‘तृष्णा’ची आठवण करून द्यावी लागते. पृथ्वीला शिडाच्या होडीने प्रदक्षिणा घालणारी पहिली भारतीय मोहीम भूदलाच्या अभियंता दलाची होती. सप्टेंबर १९८५ मध्ये मुंबईहून निघालेले सॅपर अधिकारी जानेवारी १९८७ मध्ये मुंबईलाच परतले. पूल बांधणारी, सुरुंग काढणारी माणसे होती ती, आणि शीड हा त्यांचा हौसेचा खेळ होता. आणि अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, तिन्ही दलांतल्या महिला अधिकाऱ्यांची ‘त्रिवेणी’ मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाली, तिचे नेतृत्व भूदलाच्या अधिकाऱ्याकडे होते.

महिलांचा विषय निघालाच आहे. मे २०२१ मध्ये मिलिटरी पोलिसांतली महिला जवानांची पहिली तुकडी बंगळुरूहून बाहेर पडली. या मुली आता पलटणीत आहेत. पाण्यातल्या स्पर्धांत त्यांच्यासाठी वेगळा कोपरा काढण्यापेक्षा सांघिक शर्यतीत मिश्र संघ ठेवावेत. शिडाला ताकदीपेक्षा वाऱ्याची समज लागते.

आणखी एक कारण, ज्यामुळे हे पत्र आज लिहिणे मला निकडीचे वाटले. २०२२ पासून अग्निवीर येऊ लागले. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील आणि बाकीचे आपल्या गावी परततील. आमच्या वेळी पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीत जवान कधी ना कधी पाण्यात उतरायचाच. यांच्याकडे तेवढा वेळ नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक अग्निवीराचे नाव चिठ्ठीच्या डब्यात असले पाहिजे. जो कायम होईल तो पलटणीला उपयोगी पडेल. जो परत जाईल तो कृष्णेच्या, गोदेच्या, वैनगंगेच्या काठच्या कुठल्यातरी गावात पावसाळ्यात उभा असेल, दोर कसा फेकायचा हे माहीत असलेला. चार वर्षांत त्याला आपण एवढे नक्की देऊ शकतो.

अडचणी आहेत, त्या मला नाकारायच्या नाहीत. सीमेवर असलेल्या पलटणीला शर्यतीसाठी वेळ काढता येत नाही, तिला सवलत असावी आणि शांततेच्या ठिकाणी आल्यावर पहिल्याच मोसमात तिचा नंबर लागावा. पाणी सगळीकडे नाही. बंगळुरूच्या मद्रास सॅपर्सना उलसूरचा तलाव जवळ आहे, सिकंदराबादच्या ईएमईला हुसेन सागर, सागरच्या महार रेजिमेंटला तिथला मोठा तलाव, नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला थोड्या अंतरावर गंगापूरचे धरण. पण अहिल्यानगरच्या रणगाड्यांच्या केंद्राने शीड कुठे उभारायचे? ज्यांच्याकडे पाणी आहे त्या केंद्राशी ज्यांच्याकडे नाही त्या केंद्राची जोडी लावून द्यावी आणि दोघांच्या गुणांचा एक भाग एकत्र मोजावा. तेव्हा यजमान पाहुण्यांना नीट शिकवतील. अनेक रेजिमेंटांचे युद्धनौकांशी संलग्नतेचे नाते आहे. वर्षातून एकदा चिन्हांची देवाणघेवाण आणि जेवण होते. त्याच नात्यातून नौदलाचे दोन शिडाचे प्रशिक्षक महिनाभर मागून घेता येतील.

सुरक्षेत मात्र कुठेही काटकसर नको. शिडाच्या शर्यतीत प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट, त्याची पट्टी मांडीखालून घेतलेली. दर सात-आठ होड्यांमागे इंजिन चालू असलेली एक बचावनौका, आणि तिच्यावर फोटो काढणारे पाहुणे नकोत. होडी उलटल्यावर मधल्या फळीवर उभे राहून ती सरळ करण्याचा सराव प्रत्येकाने शर्यतीआधी उस्तादासमोर करून दाखवलेला असावा, ज्याने केला नसेल त्याचे नाव त्या दिवशी काढून टाकावे. उलटलेली होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत जायचे नाही, हे तर पाठ करून घ्यावे. आणि वारा वाढला तर शर्यत रद्द करण्याचा हुकूम रेस ऑफिसरचा, मग मंडपात कितीही मोठे साहेब बसलेले असोत.

पावसाळा संपताना धरणे भरलेली असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या कामाला सगळ्यांत चांगला काळ. येत्या मोसमाच्या कॅलेंडरमध्ये पोहण्याचा एक दिवस आणि सांघिक शिडाचे दोन दिवस या हौशी गटासाठी राखून ठेवावेत, सुरुवातीला एका कमांडपुरते का होईना. निकालाच्या पत्रकात विजेत्यांच्या नावांच्या शेजारी दोन रकाने वाढवावेत. पहिल्यात प्रत्येक रेजिमेंटचे किती जण उतरले आणि दुसऱ्यात किती जण पार झाले. ते आकडे दरवर्षी सर्व केंद्रांना पाठवावेत.

पाण्यावर काम केलेले माझ्यासारखे अनेक निवृत्त जेसीओ आणि हवालदार आहेत. बोये टाकायला, वेळ घ्यायला, बचावनौकेवर बसायला, भेदरलेल्या रिक्रूटसोबत पायरीवर पाण्यात बसायला आम्ही येऊ. मानधन नको, गाडीभाडेही आमचे आम्ही बघू. आपल्या केंद्राच्या रेकॉर्ड ऑफिसातून एक पत्र आले की पुरे.

आपला आज्ञाधारक,
एक निवृत्त नायब सुभेदार, अभियंता दल